कोरा रकाना

"ताई, हा पोरगा तुमचा कोण लागतो?" मितेशने विचारलं, आणि आसपासच्या चार खुर्च्या खुदखुदल्या.

शेवंतीचा तो कोणीच लागत नव्हता. अमेरिकेतल्या कुठल्याशा गावचा तीन वर्षांचा नोआ. तिथले डॉक्टर लेकरांना तपासून टिपण लिहीत, आणि इथे वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात ती त्यातून विम्याच्या बिलासाठी प्रत्येक दुखापतीचा, उपचाराचा ठरलेला कोड काढी. नाकातला मणी, कानातला शेंगदाणा, कपाळाचे दोन टाके. सातासमुद्रापारची रडणी तिच्यापाशी आकडे होऊन येत.

पण नोआ पाच महिन्यांत तिसऱ्यांदा आला होता. आधी कोपर निखळलं, ते बसवलं. मग ओठाला टाके. आता नखाखाली साकळलेलं रक्त काढलेलं. एकोणीस वर्षं नौपाड्यातल्या बालरुग्णालयात नर्स होती ती. एवढ्याशा पोराचं कोपर मनगट धरून हिसका दिला की निखळतं, हे तिच्या हातांनाच ठाऊक होतं. आणि तिन्ही टिपणांत 'कसं लागलं' हा रकाना कोरा.

मितेश तिचा टीम लीडर, भाच्याच्या वयाचा. तिने वर कळव म्हटलं, तर त्याने नकारार्थी मान हलवली. "आपण पोलीस नाय, ताई. लिहिलंय त्याचा कोड टाकायचा. नाय लिहिलं ते झालंच नाय."

कोऱ्या रकान्याबद्दल डॉक्टरला विचारायची मात्र मुभा होती. तिन्ही टिपणांवर तिने एकच प्रश्न पाठवला: कारण कळवावे. याहून एक शब्द जास्त चालत नसे. विचारल्यावर तरी डॉक्टर थबकेल, तिन्ही कागद शेजारी ठेवून बघेल, एवढीच तिची आस.

चौथ्या दिवशी मितेश खुशीत आला. "बघा, मिळालं ना उत्तर? तिन्ही क्लिअर. क्लायंटने मेलमध्ये तुमचं नाव घेतलंय."

तिन्ही रकान्यांत एकच ओळ होती, अक्षरन् अक्षर तीच: घरी खेळताना पडला. तिन्हींखाली एकाच मिनिटाची वेळ.

तोवर निदान ती जागा कोरी होती. उद्या कुणी ते कागद चाळले असते, तर तिथे अडखळला असता. ती जागा शेवंतीनेच मागे लागून भरून घेतली होती.

तिने पडण्याचा कोड टाकला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

पुढचं टिपण आपोआप उघडलं. आठ महिन्यांची मुलगी, जिभेखालचा पडदा सोडवला. पूर्ण वेळ आईने हात धरला होता, असं डॉक्टरने शेवटी लिहिलं होतं.

त्याला कोड नव्हता. शेवंतीने ती ओळ पुन्हा एकदा वाचली.