बारा इंचांखालचा मासा

आज दुसऱ्या कुणाच्याही गळाला मासा लागला, तर आकारामला वर्षाचे बावन्न रविवार मिळणार होते. म्हणूनच तो गुडघाभर पाण्यात उभा राहून, स्वतःची काठी काखेत दाबून, आपली सगळ्यात चांगली माशी बाळासोच्या दोरीला बांधत होता.

"काळ्या लोकरीची हाय. हिला मासा न्हाई म्हणत न्हाई."

"मग तुमीच वापरा की, सुभेदार. मला कशाला?" बाळासोने काठी हळूच मागे ओढून पाहिली.

"गप धर."

माशी म्हणजे खरी नव्हे. कोंबड्याचं पीस, मेंढीची लोकर आणि रेशमाचा दोरा गळाभोवती गुंडाळून केलेला नखाएवढा किडा. लांब दोरी हवेत दोन-तीनदा झुलवायची, किडा पाण्यावर अलगद टेकवायचा आणि मासा फसेपर्यंत तेच करत राहायचं. हिमाचलात पोस्टिंग असताना एका मेजरसाहेबाने आकारामला ही विद्या शिकवली होती. पेन्शन घेऊन तो वाईला परतला तेव्हा ट्रंकेबरोबर ती काठीही आली. बारा वर्षांपूर्वी धोमच्या खाली, कृष्णेच्या या वळणावर त्याने चार जण जमवले. आता नऊ झाले होते. 'माशीगळ मंडळ' हे नाव ऐकून वाईतले लोक अजूनही हसायचे. पकडलेला मासा हे लोक परत सोडतात, हे कळलं की जरा जास्त हसायचे.

मंडळाला अध्यक्ष नव्हता, कारभारी होता. जानेवारीच्या पहिल्या रविवारी ज्याचा मासा सगळ्यात लांब, तो वर्षभराचा कारभारी. पहिल्या वर्षी चौघांनाही मान हवा होता, म्हणून भांडण मिटवायला हा नियम आकारामनेच केला. बारा इंचांखालचा मासा मोजणीत धरायचा नाही, ते लेकरू, हेही त्यानेच घातलं. आणि कुणालाच मासा लागला नाही तर जुना कारभारी पुढे चालू, हे शेवटचं कलम त्याने चहा निवत होता म्हणून घाईघाईत जोडलं.

पुढे मानाला कामं चिकटली. कारभाऱ्याने पहाटे पाचला येऊन चूल पेटवायची. न उठणाऱ्यांना फोन करून उठवायचं. महिन्याला शंभरेक माश्या बांधायच्या. डोहात अडकलेली नायलॉनची जाळी आणि काठाला लागलेलं प्लास्टिक ओढून काढायचं. शाळेची मुलं आली की त्यांच्या हातात काठी द्यायची आणि एकमेकांच्या डोळ्यांत गळ जाणार नाही हे बघायचं. मंडळातल्या कुणाच्या घरी आजारपण निघालं, तर सगळ्यांच्या वतीने जाऊन उशाशी बसायचं. कामं सगळी चांगली होती. चांगली कामं कुणीतरी करताना बघायला मंडळाला मनापासून आवडायचं.

तेव्हापासून जानेवारीच्या पहिल्या रविवारी कृष्णेतल्या माशांना कसलीही भीती उरली नव्हती. बाळासो आदल्या दिवशी गळाचं टोक कानशीने घासून बोथट करून आणायचा. इंद्रजितचा कुपवाडला लेथचा कारखाना होता, तो महिन्यातून एकदा गाडीने यायचा, आणि "एवढ्या लांबून मी काय कारभार करणार?" हे वाक्य गाडीतून उतरायच्या आधीच म्हणायचा. तरी खबरदारी म्हणून आज तो घोट्याएवढ्या पाण्यात दोरी टाकत होता, जिथे बेडूकसुद्धा सापडला नसता. बाकीच्यांपैकी दोघे सकाळपासून दोरीचा गुंता सोडवत बसले होते. सहा वर्षं हे असं चाललं होतं, आणि सहा वर्षं आकाराम कारभारी होता. सुरुवातीला सवयीने त्याच्याच गळाला मासा लागायचा. नंतर तोही शहाणा झाला, तर त्या घाईतल्या कलमाने त्याला धरला.

आठवड्याचे सहा दिवस तो एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसायचा. सातवा दिवस असा नदीत जायचा. खांदा दुखायचा, डोळ्यांना सुईचं नेढं दिसायचं नाही, पहाटेच्या थंड पाण्याने पायांची बोटं संध्याकाळपर्यंत बधिर राहायची. पण यंदा सुटायचं कारण खांदा नव्हता.

त्याच्या बायकोची, लीलाबाईची थोरली बहीण शालूबाई म्हसवडला अंथरुणाला खिळली होती आणि एकेक नाव तिच्या हातून सुटत चाललं होतं. आधी शेजारपाजारची गेली, मग नातवंडांची. दिवाळीत तिने लीलाबाईलाच आईच्या नावाने हाक मारली. वाईहून सातारा, साताऱ्याहून म्हसवड. दोन एसट्या, आणि लीलाबाईचे गुडघे असे की आधाराशिवाय पायरी चढता येत नव्हती. माश्यांसाठी लागणारी काळी लोकर म्हसवडचा धुळा मेंढके कंडक्टरच्या हाती एसटीतून पाठवायचा. लोकर यायची, लीलाबाईला मात्र जाता येत नव्हतं.

"दर ऐतवारी डोळ्यांम्होरं दिसले तर ती मला इसरायची न्हाई," दिवाळीनंतर ती म्हणाली होती. एकदाच. ती कुठलीच गोष्ट दोनदा म्हणायची नाही.

"यंदा सुटतो," आकाराम म्हणाला होता. "लिहून घे."

आठ वाजले. धुकं उसाच्या शेंड्यांवरून उठायला लागलं. बाळासो काळी माशी मुद्दाम दगडावर आपटत होता.

"बाळासो, पाण्यात टाक की रं!"

"वारा हाय, सुभेदार."

वारा नव्हता. आकारामने काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात खालच्या वळणावरून आरोळी आली.

"लागला! अवो काका, लागला!"

शिवांजली होती. दवाखान्यात नर्स. दिवाळीनंतर मंडळात आली होती आणि शिकवलेलं सगळं खरं मानून करत होती. गळाचं टोक घासायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या दिवशी आकारामने तिला सहज विचारलं होतं, "पोरी, तुला ह्याचा नाद कुठनं लागला?" तर ती म्हणाली होती, "नाद न्हाई ओ काका. इथं चार तास मला कुणी हाक मारत न्हाई."

आकाराम पाणी तुडवत धावला. "दोरी ढिली सोड! पळू दे त्याला! दमू दे!"

काठी कमानीसारखी वाकली होती. मासा एकदा वर आला, सोनेरी खवल्यांचा खडस, आणि पुन्हा खाली गेला. शिवांजलीचे केस सुटून तोंडावर आले होते, ती मोठमोठ्याने हसत होती आणि आपण हसतोय याचा तिला पत्ता नव्हता. मंडळात मासा लागल्यावर हसणारं माणूस आकारामने बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. शेवटी मासा हातजाळीत आला. तिने जाळी पाण्यातच धरली, जसं शिकवलं होतं तसं.

सगळं मंडळ काठाला गोळा झालं. गुंता सोडवणाऱ्यांचा गुंताही एकाएकी सुटला होता. टाळ्या वाजल्या, सहा वर्षांत इतक्या मनापासून वाजल्या नव्हत्या.

"ठरला गड्या कारभारी!" बाळासो ओरडला. त्याचा चेहरा परीक्षा रद्द झाल्यासारखा झाला होता. "कारभारीण म्हणायचं आता!"

"मी?" शिवांजलीने केस कोपराने मागे सारले. "खरंच? मग काय काय करायचं असतं?"

"काय न्हाई ओ ताई, किरकोळ," इंद्रजित पुढे झाला. "पाचला यायचं, चूल पेटवायची. ह्या आळशांना फोन करायचे. चार माश्या बांधायच्या."

"शंभर," कुणीतरी मागून म्हणालं.

"महिन्याच्या शंभर. त्यात काय, सुभेदार शिकवतील की. जाळी-बिळी काढायची."

"पाचला?" ती जाळीतल्या माशाकडे बघत म्हणाली. "पाचला सासूबाईंना कुशीवर वळवायचं असतंय. अंथरुणातच असत्यात त्या. साडेपाचला औषध..." मोकळ्या हाताची बोटं एकेक करून मिटायला लागली. "पोरीला मग शेजारी ठेवावं लागंल. आन् माश्या रात्रीच्या ड्यूटीत..." चार बोटं मिटली आणि पाचव्याशी ती थांबली. हसू अजून चेहऱ्यावरच होतं, फक्त आता ते धरून ठेवलेलं होतं.

"बघते," ती म्हणाली. "जमवते."

"हे बघा! ह्याला म्हणत्यात माणूस," इंद्रजित म्हणाला.

आकारामने फळी आणली. सागवानी फळी, कडेपासून इंचाइंचाला खाचा पाडलेल्या. मोजायचं काम जुन्या कारभाऱ्याचं. सहा वर्षांत फळीवर दुसऱ्या कुणी वाकून पाहिलं नव्हतं. फौजी माणूस मोजतो म्हटल्यावर बघायचं काय?

त्याने फळी पाण्यात भिजवली, हात ओले केले, मासा उचलून आडवा ठेवला. माशाचं तोंड फळीच्या कडेला टेकवायचं असतं. आकारामने ते कडेच्या बाहेर राहू दिलं. दीड इंच. वरून तळहात ठेवला.

"साडेअकरा," तो म्हणाला, आणि मासा पाण्यात गेला.

चुलीवर चहा उतू जात असल्याचा वास आला, तरी कुणी हललं नाही.

"साडेअकरा?" बाळासोने विचारलं. तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता आणि त्याची नजर चांगली होती.

"साडेअकरा. लेकरू हाय."

बाळासोने आकारामकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं. मग त्याने पँटचे पाय खाली सोडले. "बरं झालं सोडला," तो म्हणाला आणि चहा उतरवायला गेला.

"मला बारा तरी वाटला होता," शिवांजली म्हणाली. ती अजून रिकामी जाळी पाण्यात धरून होती.

"पाण्यात मासा मोठा दिसतो, पोरी. पुढच्या वर्षी."

"व्हय," ती म्हणाली. थोडा वेळ ती पाण्याकडे बघत राहिली. तोंड किंचित उतरलं होतं, पण खांदेही उतरले होते, ओझं खाली ठेवल्यासारखे. मग तिने माशी फुंकून सुकवली आणि परत आपल्या वळणावर गेली. तिची पुढची दोरी इतकी अलगद पडली की पाण्यावर वलयसुद्धा उठलं नाही.

"मग कारभारी सुभेदारच!" इंद्रजितने जाहीर केलं. "आवं, तुमच्याबिगर मंडळ हाय का?"

टाळ्या पुन्हा वाजल्या. पहिल्याइतक्याच जोरात.

आकारामने चहा घेतला, पातेलं घासलं, चुलीतली लाकडं विझवली. मोटारसायकलवर बसताना त्याला हलकं वाटत होतं, कुणाला काही मोठं दिल्यावर माणसाला वाटतं तसं. ते वाटणं गंगापुरीत घराच्या वळणापर्यंत टिकलं.

लीलाबाई पायरीवर मेथी निवडत होती.

"सुटलासा?"

"न्हाई." तो खालच्या पायरीवर बसला आणि रबरी बूट ओढायला लागला.

"कुणालाच लागला न्हाई?"

"एकीला लागला. ल्हान होता."

"किती?"

बारा वर्षांत तिने माशाचं माप कधी विचारलं नव्हतं.

"साडेअकरा," आकाराम बुटाला म्हणाला.

लीलाबाईचे हात थांबले. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने तिच्याकडे न बघता दिलेली उत्तरं तिला बोटांवर सांगता आली असती. तिने एक काडी उचलली, तिची पानं खुडली, देठ बाजूला टाकलं.

"तिच्या घरी कोन कोन असतंय?"

आकारामने बूट खाली ठेवला. "सासू हाय. अंथरुणात. आन् एक पोरगी."

"व्हय," लीलाबाई म्हणाली.

चौकटीला धरून ती उठली. निवडलेली मेथी परातीत, देठं पदरात. आत गेल्यावर देठं टाकल्याचा आवाज आला, मग फोनची बटणं दाबल्याचा. तिला कमी ऐकू यायचं नाही, पण फोनवर ती नेहमी मोठ्याने बोलायची. फोन म्हसवडला होता, शालूबाईच्या सुनेला.

"रेश्मा, मी बोलते. पुढच्या ऐतवारपास्नं येणार हुते न्हवं... न्हाई. न्हाई जमत. यंदाच्या सालात न्हाई. तू नगं सांगूस, मीच सांगते. दे आक्काला."

आकाराम दुसऱ्या बुटातलं पाणी पायरीवर ओतत होता. कुणाचं काय गेलं, हे मोजायला त्याला फळी लागत नव्हती. सात पुरुषांना त्या सकाळसाठी काहीच मोजावं लागलं नव्हतं. वर चहा मिळाला होता. शिवांजलीचा दीड इंच गेला होता. बाकीचं सगळं आपण भरलं, असं तो नदीपासून इथवर धरून चालला होता.

भरणारी आत उभी होती, भिंतीला टेकून, आणि फोनवर आपलं नाव तिसऱ्यांदा सांगत होती.