दम सोडण्याची परीक्षा

ऋतिकाचं डोकं पाण्याबाहेर आलं आणि काठावर टाळ्या पडल्या. सरपंचांनी नारळ हातात घेतला, फोटोवाला बुटांसकट पाण्यात शिरला. तिच्या मागोमाग तिचा बाप, जालिंदर, वर आला. त्याने तोंडातली नळी काढली, पण टाळ्या वाजवणाऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"काय जालिंदर, झालं ना?" खांबेटे साहेबांनी काठावरून विचारलं.

जालिंदर पाठीवरचे पट्टे सोडत राहिला.

मढजवळच्या धरणावर आज 'नीलतळ' संस्थेचा मोठा दिवस होता. गावाकडच्या पहिल्या मुलीला पाणबुड्याचं कार्ड मिळणार म्हणून पुण्याहून पाहुणे आले होते, मंडप पडला होता. संस्थेची सुरुवात मात्र असल्या थाटाची नव्हती. बारा वर्षांपूर्वी, त्र्याण्णव साली, नौदलातून निवृत्त झालेले खांबेटे जीपवर दोन सिलिंडर बांधून बोरी बुद्रुकला आले, तेव्हा दोघी-तिघी बायका गॅसवाला आला म्हणून रिकाम्या टाक्या घेऊन धावल्या होत्या. साहेबांना हवी होती खोल, नितळ पाण्याची विहीर. माणसांना पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवायचं आणि शिकल्याचं कार्ड द्यायचं, एवढं एकच वेड त्यांच्या डोक्यात होतं.

विहीर मिळाली आणि विहिरीत जालिंदरही मिळाला. घरची मेंढरं बापाच्या काळातच विकली गेलेली, शेती जेमतेम. पण कुणाच्या विहिरीतल्या मोटारीचा फुटवॉल, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, गाळात अडकला की बोलावणं यालाच. पाण्याखाली या माणसाचा रुबाब औरच. तो संस्थेचा पहिला गावकरी विद्यार्थी झाला आणि पुढे शिक्षकही. विहिरीतली संस्था धरणावर आली, धरणावरून मालवणच्या समुद्रावर गेली. तिचं कार्ड परदेशातही चालायला लागलं. साहेबांचे केस पांढरे झाले आणि भाषणं लांबली.

परीक्षा दिसायला सोपी. चार परस, म्हणजे वीस-पंचवीस फूट, खोल जायचं, टाकीतली हवा संपली असं समजायचं आणि श्वास सोडत सोडत वर यायचं. खोल पाण्यात घेतलेली हवा वर येताना छातीत फुगते. दम धरून वर आलेल्याचं फुप्फुस फाटू शकतं. टाकी न घेता नुसत्या दमावर बुडी मारणाऱ्याला ही भीती नसते, म्हणून बोरीची पोरं विहिरीत नेमकं उलटं शिकतात. तिथे जो दम सोडेल तो हरला. जालिंदरने हा खेळ मोठ्या हौसेने आपल्या लेकीला शिकवला होता. त्याआधी चुलतभाऊ गेणूलाही त्यानेच शिकवला होता.

गेणू परीक्षेत दम धरून वर आला, तेव्हा साहेबांना समुद्रावर माणसं कमी पडत होती. "पान्यातलंच पोरगं हाय, सवय सुटंल," असं जालिंदरच म्हणाला होता. त्याला कार्ड मिळालं. पहिल्याच हंगामात गेणू समुद्रातून वर आला तो तोंडाला लाल फेस घेऊन. होडीतच गेला. तेव्हापासून त्याची आई लंकाबाई प्रत्येक परीक्षेला खांद्यावर घोंगडी टाकून काठावर येऊन बसायची आणि पाण्यावरचे बुडबुडे बघायची. तिला कुणी बोलावत नव्हतं आणि ऊठ म्हणायची छाती साहेबांनाही नव्हती.

"मी तयारच होते साहेब," ऋतिका हसत म्हणाली. तिचे दात वाजत होते. कार्ड मिळालं की मालवणच्या केंद्रात नोकरी पक्की होती. नाही मिळालं तर रविवारी ओतूरचे पाहुणे तिला बघायला येणार होते. तिच्या आईने, रतनबाईने, लेकीला एवढीच सवलत दिली होती, "कार्ड आलं तर पावण्यास्नी नगं म्हनते. न्हाई आलं तर गप ऐकायचं."

हे सगळं जालिंदरला ठाऊक होतं. आणि अर्ध्या वाटेवर तिचे बुडबुडे थांबले, गाल फुगले, हेही एकट्या त्यालाच ठाऊक होतं. त्याने पट्टा धरून तिला थांबवलं आणि पोटात बुक्की मारली, तेव्हा कुठे हवा सुटली. वरून पाहणाऱ्यांना दोघांचे बुडबुडे एकच दिसले होते.

"न्हाई झालं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"तिनं दम धरला. मी बुक्की मारली म्हनून बरी आली."

टाळ्या आपोआप विरल्या. साहेब जवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "अरे, पाहुणे बसलेत. कार्ड आज देऊ या, महिनाभर सराव करून घे तिचा. तुझीच मुलगी आहे."

"गेणूच्या टायमाला बी आपुन असंच म्हनलो व्हतो, साहेब."

साहेबांनी लंकाबाईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग मंडपाकडे जाऊन त्यांनी सरपंचांच्या हातातला नारळ काढून घेतला.

"आप्पा," ऋतिका म्हणाली, "कुनाला दिसलं व्हतं का?"

"मला दिसलं ना."

"रविवारी काय हाय, म्हाईत हाय ना तुमाला?"

"हाय."

"मंग तुमीच शिकिवलं ना मला दम धरायला?"

ते खरंच होतं. आपणच लेकीच्या वाटेत धोंडा टाकला आणि आता आपणच तो दाखवतोय, असं जालिंदरला वाटलं. त्याने हात पुढे केला. तिने तो झिडकारला आणि एकटीच काठावर चढून उभी राहिली. ओठ घट्ट मिटलेले, छाती ताठ, डोळे धरणाच्या भिंतीकडे.

लंकाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. खांद्यावरची घोंगडी तिने ओल्या पोरीभोवती गुंडाळली आणि तिची पाठ चोळत म्हणाली, "सोड बाय, दम सोड. इथं कोन न्हाई हसत."

ऋतिकाच्या तोंडून आधी नुसता श्वास आला, मग हुंदका. म्हातारीच्या खांद्यावर डोकं ठेवून ती मोठ्याने रडायला लागली.

जालिंदर त्यांच्याकडे पाठ करून बसला होता आणि सिलिंडरची चावी आवळत होता. चावी केव्हाच बंद झाली होती.