बारशाच्या सकाळी आलेले दोन प्रश्न

मित्रांनो, आज माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेला दिसतो ना, तो मी. एके काळी हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या एका गल्लीचा मी लाडका संगणक होतो! बाहेरच्या देशांतला माल तेव्हा नुकताच सगळीकडे मिळू लागला होता. कोठी बाजारातल्या एका दुकानात माझे परदेशी भाग जोडले गेले आणि शैलाताईच्या मांडीवर बसून, रिक्षातून मी या घरी आलो.

शैलाताई दिलसुखनगरच्या एका क्लासच्या प्रश्नपत्रिका माझ्यावर टाइप करत असे. काम जोखमीचे, म्हणून तिने माझ्यात एक राखणदार प्रोग्राम बसवला होता. कोणी अनोळखी प्रोग्राम इंटरनेटवर जाऊ लागला की राखणदार त्याला अडवी आणि पडद्यावर विचारी, 'याला जाऊ देऊ का?' उत्तर मात्र माणसानेच द्यायचे. गल्लीतले लोक होकार-नकाराच्या त्या दोन बटणांना 'हौ' आणि 'नक्को' म्हणत.

आणि मग ती सकाळ उजाडली! शैलाताईचा भाऊ निखिल अमेरिकेत होता. त्याच्या मुलीचे तिकडे बारसे होते. नाव सांगायचा मान आत्याचा. पण आत्या इथे आणि बाळ तिथे! म्हणून निखिलने टपालाने एक छोटा कॅमेरा आणि एक सीडी पाठवली होती. सीडीतला प्रोग्राम चालवला की इथली माणसे तिथे दिसणार होती. शैलाताईच्या आई सुशीलाबाई पैठणी नेसून माझ्यासमोर बसल्या. गल्लीतल्या बायका दाटीवाटीने उभ्या राहिल्या. माझा पंखासुद्धा आनंदाने जोरात घरघरत होता.

इंटरनेट लागले आणि राखणदाराने एकापाठोपाठ दोन प्रश्न टाकले. पहिल्या प्रोग्रामच्या नावात 'पिक्चर' हा शब्द होता. दुसऱ्याचे नाव म्हणजे नुसती वेडीवाकडी अक्षरे.

शेजारचे शशिकांतराव ओरडले, "पिक्चर म्हणजे कॅमेराच की! हौ म्हण ना शैला, कायकू थांबली?"

"काका, मी याला ओळखत नाही."

"अगं, मुहूर्त टळतोय!" सुशीलाबाई रडकुंडीला आल्या. "तिकडे माझी नात पाळण्यात वाट बघतेय."

शैलाताईने माउस हातात घेतला. नाव सांगायची सर्वांत जास्त घाई तर तिलाच होती! तिने दोघांनाही 'नक्को' म्हटले आणि सरळ इंटरनेट तोडले, कारण तेव्हा इंटरनेट फोनच्या लाइनवरूनच येई आणि ते तोडल्याशिवाय लाइन मोकळी होत नसे. बायका हळहळल्या. तिने निखिलला फोन लावला.

"दादा, तुझ्या प्रोग्रामचं नाव काय? एकेक अक्षर सांग."

तिकडून अक्षरे आली. ती वेडीवाकडीच! मग पिक्चरवाला कोण? शशिकांतरावांचा चेहरा उतरला. आदल्या दिवशी त्यांनी माझ्यावर मेलमधून आलेले एक शुभेच्छापत्र उघडले होते. त्यातूनच तो आत शिरला होता. पुढे दुरुस्तीवाल्याने तपासले तेव्हा कळले, की तो माझ्यातल्या फायली परक्या माणसांना पाठवू पाहत होता. त्याला 'हौ' मिळाले असते, तर क्लासच्या प्रश्नपत्रिका परीक्षेआधीच बाहेर गेल्या असत्या आणि शैलाताईचे नाव कायमचे खराब झाले असते.

पुन्हा इंटरनेट लागले. पिक्चरवाल्याला नकार, वेड्यावाकड्याला होकार! माझा पडदा थरथरला आणि तुटक तुटक चौकोनांतून एक इवलासा चेहरा उमटला. सुशीलाबाईंनी काचेवरूनच त्याचा गालगुच्चा घेतला.

"कुर्रर्र..." शैलाताई माझ्या माइकला ओठ लावून म्हणाली, "ईशा!"

बायकांनी आत्याच्या पाठीत दणादण धपाटे घातले. मी तर हरखूनच गेलो! बाळाचा कान आणि आत्याचे ओठ यांच्यामध्ये त्या क्षणी फक्त मी होतो.

नंतर नवे, चपळ संगणक आले आणि मी इथे माळ्यावर चढलो. तक्रार नाही, थोडी धूळ पुसलीत तर बरे वाटेल. पण मित्रांनो, एक विनंती आहे. आम्हाला चांगले-वाईट ओळखता येत नाही, म्हणून तर आम्ही तुम्हाला विचारतो. तेव्हा घाईने बटण दाबू नका. नाव नीट वाचा, माहीत नसेल तर जाणत्याला विचारा. तोवर आम्ही थांबतो. थांबायचा आम्हाला कधीच कंटाळा येत नाही.