राहुकाळातला रिकामा डबा

"खोकला कापू नकोस. भिमाआत्याचा आवाज आहे तसाच राहू दे. आपली माणसं खोकल्यावरूनच तिला ओळखतील."

मयूरचं हे बोलणं मीनाला कुठेही ऐकू यायचं. भाजी निवडताना, कॉलेजात मुलांना संगणक शिकवताना, आणि आज नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या या मंगल कार्यालयात, पाय ठेवायला जागा नसलेल्या गर्दीतसुद्धा. मयूर, तिचा नवरा, आषाढात गेला. तेव्हापासून तिला रडू आलं नव्हतं. कानात कापूस घालून बसावं तसं सगळं लांबून ऐकू यायचं.

व्यासपीठावर तिथीमहाराज बसले होते. मागे भला मोठा पडदा, त्यावर मोबाइलच्या ॲप-स्टोअरची यादी. समोर क्लासवाले, मसालेवाले, जमिनीचे दलाल, नोकरी सोडून ॲप काढलेली तरुण मंडळी, आणि सगळ्यांचे हात जोडलेले.

"लेकराला पत्रिका असते, मग ॲपला का नसावी?" महाराज म्हणत होते. "स्टोअरचं यंत्र असेल सातासमुद्रापार. पण शनी काय तिकडे वेगळा आहे?"

लोक माना डोलवत होते. मग महेश डबेवाल्याला वर बोलावलं. महाराजांनी शंख फुंकला आणि महेशने बटण दाबून त्याचं 'गोदाकाठचा डबा' हे ॲप प्रकाशित केलं. सेवकांनी हुकूम सोडला की आता नामस्मरण. प्रत्येकाने फोनवर ॲपचं नाव पूर्ण लिहायचं, शोधायचं आणि उतरवून घ्यायचं. थोड्या वेळाने पडद्यावरची यादी ताजी केली, तर 'गोदाकाठचा डबा' सगळ्यांच्या वर. ज्याच्या त्याच्या फोनवरही तेच पहिलं. महेश महाराजांच्या पायावर कोसळला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले.

मीनाच्या शेजारी संतोष बसला होता. मयूरचा जिवाभावाचा मित्र, ॲपमधला भागीदार. त्याचेही डोळे भरून आले होते.

त्यांचं ॲप साधं होतं. सुरगाण्याकडच्या गरोदर बायांसाठी, त्यांच्याच बोलीत. मयूरची आत्या भिमाबाई जन्मभर सुईणपण करत आलेली. काय झालं तर थांबायचं नाही, दवाखाना कधी गाठायचा, हे तिच्याच आवाजात त्यात भरलं होतं. दिवाळी झाली की त्या पाड्यांवरची माणसं द्राक्षबागांच्या कामाला खाली उतरतात. पोटुशा बायाही येतात. बागेत ना आई जवळ ना सुईण. लोक उतरायच्या आत तुमचा आवाज प्रत्येकीच्या फोनमध्ये जाईल, असा शब्द मीनाने आत्याला दिला होता. मयूरच्या दहाव्याला.

घटस्थापनेला ॲप बाहेर पडलं. पहिले काही दिवस स्टोअरमध्ये वर दिसलं, मग खाली गेलं, मग दिसेनासं झालं. संतोष घाबरला आणि महाराजांकडे आला. महाराजांनी निदान केलं की ॲपवर मृताचं नाव आहे, त्याची छाया पडते. मयूरचं नाव काढा, हे ॲप मागे घ्या आणि मार्गशीर्षात नव्या नावाने, नव्या तारखेला सोडा. मागे घेण्याचं बटण संतोष आज इथेच, सगळ्यांसमोर दाबणार होता.

त्याचं नाव पुकारलं गेलं. त्याच्याबरोबर मीनाही उठली.

"महाराज, थोडं थांबाल?" ती हळू म्हणाली. "राहुकाळ लागू दे."

सभेत कुजबुज झाली. महाराज हसले. "ताई, राहुकाळात तर कोणी नखंही कापत नाही."

"म्हणूनच. माझा गुरुवारचा उपास आहे, खोटं बोलणार नाही. मीही एक ॲप आणलंय. उघडलं की रिकाम्या डब्याचं चित्र दिसतं, बाकी त्यात काहीच नाही. पत्रिका नाही, शंख नाही. ते राहुकाळात सोडते. तोवर सगळ्यांचा प्रसाद होऊ दे."

माघार घेतली असती तर महाराजांची शोभा झाली असती. प्रसादाच्या पंगती बसल्या. राहुकाळ लागताच मीनाने बटण दाबलं, मग खाली मान घालून जप करत बसली. छातीत धडधड व्हायला हवी होती, ती झाली नाही.

शेवटची पंगत उठल्यावर तिने महेशला यादी ताजी करायला सांगितलं. सर्वांत वर 'रिकामा डबा'. त्याच्या खाली 'गोदाकाठचा डबा'.

मागून कोणीतरी म्हणालं, "रिकाम्या डब्याने भरलेला खाली बसवला की."

"ही यादी नव्या ॲपची आहे," मीना म्हणाली. "आत्ता जन्मलेलं वर, आधीचं त्याच्या खाली. सेवकांनी ती तारखेप्रमाणे लावून ठेवलीय. अमावस्येला सोडा, ग्रहणात सोडा, त्या दिवशी ते वरच दिसणार. आणि उद्या दुसरं कोणी जन्मलं की खाली सरकणार. महेशभाऊ, आता तुमच्या ॲपचं नाव नका लिहू. भुकेल्या माणसाने लिहावं तसं लिहा. 'नाशिक जेवणाचा डबा'."

महेशने लिहिलं. बोटाने यादी वर सरकवत राहिला, सरकवतच राहिला.

"ताई, माझा डबा गेला कुठं?"

"आहे तिथंच. पूर्ण नाव लिहून शोधलं तर कोणतंही ॲप पहिलं येतं. नामस्मरणाचा चमत्कार तेवढाच. एकाच वेळी एवढ्या लोकांनी उतरवलं की यंत्रालाही वाटतं, याला मागणी आहे. मग लोक घरी जातात, ॲप काढून टाकतात, आणि यंत्रालाही ते कळतं."

महाराज म्हणाले, ज्यांच्या घरात नुकतंच असं घडलं त्यांची बुद्धी ठिकाणावर नसते, देवावरचा विश्वास उडतो.

"रोज पहाटे मी दिवा लावते," मीनाचा आवाज तसाच होता. "माझे मालक आजारी होते तेव्हाही लावत होते, ते गेले त्या दिवशीही लावला. देवाने मला कुठल्या यादीत वर नेलं नाही, आणि मी ते कधी मागितलंही नाही. तुम्ही सगळे श्रद्धाळू आहात, मीही आहे. पण समोर कोणी चमत्कार दाखवला, तर तोच प्रकार एकदा मुहूर्ताशिवाय करून बघा. तेवढं केल्याने देव रागावत नाही. जो तपासू देत नाही, त्याच्यापासून मात्र सांभाळा."

मग ती संतोषकडे वळली. "भाऊजी, मागे घेऊन पुन्हा सोडलं म्हणून जन्मतारीख बदलत नाही. नवी तारीख हवी तर ॲपच नवं करावं लागतं. मग पाड्यांवरच्या ज्या आशा सेविकांनी ते वापरून चांगलं लिहिलंय, ते सगळं जुन्याबरोबर जाईल. आणि मार्गशीर्षापर्यंत बाया बागांमध्ये पोचलेल्या असतील. त्यांना ॲप कधी बाहेर आलं याच्याशी काय करायचंय? रक्त जायला लागेल, त्या दिवशी ते हाताशी पाहिजे."

संतोषने बटणावरचा अंगठा उचलला. "वहिनी, मग ते वर कसं येणार?"

"नाही येणार. आपण घेऊन जायचं."

दुसऱ्या दिवशी दिवा लावून तिने देव्हाऱ्याला हात जोडले, पिशवीत लॅपटॉप, वायरी, फोन भरला आणि सुरगाण्याच्या एसटीत जाऊन बसली. नेट नसलेल्या फोनमध्येही ॲप घालता येईल अशी तजवीज तिने केली होती. गाडी सुटायला अवकाश होता, म्हणून आवाज नीट येतो का ते पाहायला तिने फोन कानाशी धरला. आधी खोकला आला, मग भिमाआत्याचे शब्द: "रगत दिसलं तं वाट बघू नको, पोरी."

शेजारच्या सीटवर माहेरी निघालेली एक बाई बसली होती. तिने मान वळवली.

"ही आमची भिमाबाय खोकली का?"

मीनाने तिच्याकडे पाहिलं. तिच्या पोटाकडे पाहिलं. आषाढापासून अडलेलं रडू आता आलं. डोळे न पुसताच तिने फोनसाठी हात पुढे केला. बाईने आपला फोन त्या हातावर ठेवला, आणि गाडी हलली.