धुऊन ठेवलेला फ्लॉवर

"फ्लॉवर धुऊन ठेवू नकोस गं, ओला राहिला की नासतो," असं वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मोठ्या जाऊबाईंनी सांगितलं, तेव्हा तिने नुसतं "हं" केलं होतं. विज्ञान शिकलेली बाई ती, जंतू कुठे असतात ते तिला वरच्या मजल्यावरून कळायला हवं होतं थोडंच! गड्डा घरी आला की ती तुरे सुटे करायची, मिठाच्या कोमट पाण्यात बुडवायची आणि ओलेच डब्यात भरून झाकण घट्ट लावायची. दोन-तीन दिवसांत तुऱ्यांवर काळे ठिपके यायचे. ते खरवडावेत, तर देठ बुळबुळीत झालेले. मग डबा गुपचूप केरात रिकामा व्हायचा.

वर जाऊबाईंच्या फ्रीजमध्ये मात्र अख्खा गड्डा कोरड्या कागदात, देठ वर करून, आठवडाभर पांढराशुभ्र.

तेही एक वेळ चाललं असतं. पण तिची लेक खाली घास गालात धरून तासभर बसायची आणि वर जाऊन तोच फ्लॉवर वाफवलेला मटामट खायची. शिवाय "मोठीआईचा छान असतो" हे खाली येऊन आईलाच सांगायची.

"खातेय ना कुठेतरी?" नवरा म्हणाला. "वहिनींचाही वेळ जातो. दादा गेल्यापासून एकट्याच असतात."

त्याला काय जातंय बोलायला. जळत होतं तिचं.

शेवटी तिने जाऊबाईंना जिन्यात गाठलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "जाऊबाई, फ्लॉवर आणल्या आणल्या धुवायलाच हवा म्हणे. ऐनवेळी धुतला तर अळ्या निघत नाहीत, डॉक्टरांनीच सांगितलंय. मग पोरीला वर पाठवायला धास्ती वाटते हो."

डॉक्टरांनी असलं काही सांगितलं नव्हतं. जाऊबाई "बरं" म्हणाल्या आणि पिशवी सावरत वर गेल्या.

त्याच आठवड्यात ती लेकीला न्यायला वर गेली, तर दारातच वास आला. आंबूस, कुबट, तिच्या चांगल्या ओळखीचा. ओट्यावर घट्ट झाकणाचा डबा उघडा होता आणि जाऊबाई तुऱ्यांवरचे काळे ठिपके सुरीने खरवडत होत्या. लेक नाक दाबून कोपऱ्यात उभी.

खोटं कशाला सांगायचं, तिला आधी गारगार वाटलं.

"काय हो जाऊबाई, धुऊन ठेवू नकोस म्हणून मलाच शिकवत होतात ना?"

"तूच म्हणालीस ना धुवायला. म्हटलं, नाहीतर पोरीला पाठवायची नाहीस."

"अहो, पण वास? घरभर सुटलाय."

जाऊबाईंनी एक तुरा नाकाशी नेऊन जोरात हुंगला. चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. "मागच्या तापानंतर नाक गेलंय माझं. बोटाला कोरडं लागलं की चांगलं, चिकट लागलं की टाकायचं, असं चालवत होते. आता सगळंच ओलं. काय कळणार?"

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर पोर पाठवली असतीस?"

नसतीच पाठवली, हे तिला ठाऊक होतं. तिने डबा केरात उपडा केला आणि फ्रीज उघडला. दूध फाटलेलं, कालची आमटी आंबलेली.

"परवा रात्रभर उलट्या झाल्या," मागून जाऊबाई सहज म्हणाल्या. "म्हटलं, वयच झालं."

खाली नवा गड्डा होता, अजून न धुतलेला. तो तिने वर आणला, कागदात गुंडाळताना जाऊबाईंचं बघून देठ वर केला. अर्धा तेव्हाच वाफवला. लेकीने मोठीआईच्या हातून मटामट खाल्ला, आणि हिला ते अजूनही सललं. तरी आता रोज संध्याकाळी ती वर जाते आणि एकेक भांडं हुंगून बघते.

तुमच्याही ओळखीत कुणी एकटं राहत असेल. आज जरा जाऊन या त्यांच्याकडे. तब्येत विचाराच, पण त्यांचा फ्रीजही उघडा आणि त्यांच्या वतीने एकदा हुंगून बघा.