खांबावरचं चौऱ्याण्णव

आमच्या संघाचं नाव नवतरुण फुटबॉल संघ, पुनावळे, आणि अध्यक्षांचं वय शहात्तर. हसू नका. त्या अध्यक्षांनी, म्हणजे उद्धवरावांनी, आणि आमच्या ह्यांनी मिळून हा संघ काढला तेव्हा दोघं खरंच नवतरुण होते. मी कुसुम. बत्तीस वर्षं बालवाडी चालवली, म्हणून सांगताना शुद्ध सांगते. भांडायला लागले की पुनावळ्याची होते, ते पुढं कळेलच.

आमचे हे, गाव ह्यांना ज्योतीराम म्हणायचं, कंपनीत वेल्डर होते. एकोणीसशे शहात्तर साली गेटपास करून भंगारातले जाड पाइप आणले आणि दोन्ही गोलपोस्ट ह्यांनी स्वतः जोडले. पहिली मॅच खंडेनवमीला झाली, गाव विरुद्ध कंपनीच्या चाळी. सकाळी कंपनीत मशिनची पूजा, दुपारी मॅच, आणि मॅच संपली की ह्यांनी होल्डर हातात धरून देवळाकडच्या गोलच्या डाव्या खांबावर वेल्डिंगनं उठवायचं: साल, आणि खाली जिंकणाऱ्या कप्तानाचं नाव. खांब निवला की त्याला हळदकुंकू, वर झेंडूचा हार. डावा खांब भरला तेव्हा उजवा घेतला. आम्ही कागद ठेवले नाहीत, खांब ठेवले.

यंदा सेक्रेटरी जयदीप म्हणाला, आपण संघाचा इतिहास छापायचा. हा पोरगा त्याच्या आयटी कंपनीकडून दोन वर्षं आयर्लंडला होता. तिथल्या कुठल्याशा दोन गल्ल्यांच्या गावात फुटबॉल क्लबचा शंभर वर्षांचा इतिहास त्यानं पाहिला, जाडजूड, फोटोंसकट. "काकू, त्यात त्यांनी मैदानात शिरलेल्या मेंढ्यासुद्धा लिहिल्यात," तो म्हणाला. "आपली तर यंदा पन्नासावी मॅच आहे."

"पन्नासावी न्हाई, एकोणपन्नासावी," उद्धवराव म्हणाले. "चौऱ्याण्णवला मॅच झाली न्हाई. खांबावर बघ. ब्याण्णव, त्र्याण्णव, मग पंच्याण्णव. खांबावर हाय ते झालं, न्हाई ते झालं न्हाई."

झालं! माझं टाळकं सणकलं.

चौऱ्याण्णवला कंपनीला टाळं लागलं होतं. चार महिने पगार नाही. खंडेनवमी आली तरी पुरुष तोंड पाडून बसलेले. मीटिंगमध्ये उद्धवरावच म्हणाले, ज्याच्या घरात चूल धड पेटत नाही त्यानं बॉलला लाथ काय मारायची. ठीक. पण अठरा वर्षं चाललेल्या रीतीत खंड पाडायचा? मी बालवाडीतून बाहेर पडले, चाळीत गेले आणि छबूबाईला हाक मारली. ही बीडकडची, दांडगी, एका कडेवर पोर आणि एका कडेवर हंडा घेऊन चालणारी. म्हटलं, "तुमच्या सात, आमच्या सात. येता का?" ती म्हणाली, "ये म्हणता व्हय? आलेच!"

काष्टे मारले आणि खेळलो. छबूबाई गोलात होती, बॉल आला की पदर पसरायची, फाऊल कुणाला द्यायचा हेच कळेना. पुरुष देवळाच्या भिंतीला टेकून दात काढत होते. दोन गोल झाल्यावर दात आत गेले. एक-एक बरोबरी असताना मी अनवाणी पायानं असा काही बॉल मारला की बॉल पाइपांच्या आत आणि माझ्या अंगठ्याचं नख बाहेर. आमचे हे गोलामागं गप उभे होते. दोन-एकनं गाव जिंकलं, कप्तान मी.

त्या संध्याकाळी मी विचारलं, "अहो, आकडा?" हे म्हणाले, "बघू." नंतर विचारलं तर "राहिलं." राहिलं! पुढच्या वर्षी पंच्याण्णव उठलं, ते त्र्याण्णवच्या वर वीतभर जागा सोडून. मी आठ दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. गावातल्या कुणी काही म्हटलं तर मी धुऊन काढते, पण नवऱ्यालाच बायकोच्या खेळण्याची लाज वाटली, हे कुणाला सांगणार? हे जाऊन आठ वर्षं झाली, तरी तेवढी एक गोष्ट माझ्या मनातून जात नव्हती. बाकी माणूस सोन्यासारखा होता.

म्हणून उद्धवरावांना मी तिथंच धरलं. "भावजी, करोनाच्या साली तुमी दोघा-तिघांनी मास्क लावून दोन पेनल्ट्या मारल्या, त्याची मॅच झाली. आन् आमी चौदा बायका तासभर पळालो ती मॅच न्हाई व्हय?"

"वहिनी, पुरावा काय?"

मी चप्पल काढली. ते दोन पावलं मागं सरकले. त्यांना मारायला नव्हती काढली, अंगठा दाखवायला काढली होती. "ह्यो बघा. ह्ये नख अजून वाकडं येतंय. हातच्या काकणाला आरसा कशाला!"

जयदीप बिचारा मध्ये सापडला. म्हणाला, "काकू, मी लिहीन की. 'काहींच्या मते महिलांचा सामना झाला,' असं."

"काहींच्या मते? मेंढ्या लिहिल्या ना त्यांनी? मग आमी मेंढ्यांहून गेलो काय रे?"

पुस्तकासाठी खांबांचे स्वच्छ फोटो हवे होते, म्हणून पन्नास वर्षांचा रंग खरवडायचं ठरलं. ते काम माझ्या मुलीनं, दिव्यानं अंगावर घेतलं. हे गेल्यापासून खांबावरचं वेल्डिंग तीच करते. चाकणच्या एका कंपनीत वेल्ड तपासायच्या लॅबमध्ये आहे ती. जोडाचा तुकडा कापायचा, गुळगुळीत घासायचा, वर ॲसिड लावायचं, की वितळून पुन्हा घट्ट झालेला लोखंडाचा भाग वेगळ्या रंगात दिसतो आणि जोड किती खोल गेलाय ते कळतं. दिवसभर तेच करते.

"रंगावर रंग मारा की. खरवडता कशाला?" उद्धवराव दोनदा येऊन सांगून गेले. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही, पण तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

रविवारी सकाळी दिव्या खांब खरवडत होती. मी डबा घेऊन गेले तर ती त्या मोकळ्या जागेवरून बोटं फिरवत बसलेली.

"आई, इथं ग्राइंडर फिरलाय."

"कुठं?"

"त्र्याण्णव आणि पंच्याण्णवच्या मध्ये. बाकीचा पाइप खडबडीत आहे, एवढाच सपाट आहे. सपाट का करतात, माहितीय? वर काहीतरी असतं म्हणून." ती उठली. "कुणाला काही बोलू नकोस. एक दिवस गप्प बसता येईल?"

आयुष्यात पहिल्यांदा मी एक अख्खा दिवस गप्प बसले.

सोमवारी कामावरून सुटल्यावर ती पॉलिश पेपर, हातमोजे आणि एक छोटी बाटली घेऊन आली. जयदीपला कॅमेऱ्यासकट बोलावलं होतं. उद्धवराव न बोलावता आले. दिव्यानं ती वीतभर जागा आरशासारखी होईपर्यंत घासली, मग कापसाच्या बोळ्यानं ॲसिड लावलं. आधी काहीच दिसेना. मग लोखंडातून काळपट रेघा वर यायला लागल्या. एक. नऊ. पुन्हा नऊ. चार.

आणि खाली माझं नाव. कुसुम. ह्यांच्याच हातचं, घरातल्या भांड्यांवर घातलंय तसंच, शेवटच्या अक्षराला जरा जास्त लांब शेपटी काढलेली.

मी उद्धवरावांकडं वळले. माझा आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही, इतका बारीक. "भावजी, कुणी पुसलं ह्ये?"

उद्धवराव मातीत बसले. "मी. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योतीरामनं चिंचवडवरनं मशिन भाड्यानं आणून ते उठवलं. तुमी बालवाडीत व्हता. दुपारी मी ग्राइंडर फिरवला. टाळेबंदीत आधीच आमचं नाक कापलं गेलं व्हतं वहिनी, त्यात बायकांनी मॅच खेळून दाखवली. लई लागलं मला."

"आन् ह्ये काय म्हणाले?"

"मला वाटलं, मारणार. तर रंगाचा डबा घेऊन आला. म्हणाला, ही जागा मोकळी ऱ्हाणार. हितं दुसरं साल उठवलंस तर दोन्ही पोस्ट कापून भंगारात घालीन. आन् कुसुमला सांगू नगंस, ती तुजं डोकं फोडंल. तुज्या डोक्यापायी संघ मोडायचा."

खरंच फोडलं असतं. नारळासारखं फोडलं असतं. आता तसं करायला हात उठेना. तीस वर्षं तो माणूस हे ओझं घेऊन अध्यक्ष म्हणून मिरवत होता, त्याहून मोठी शिक्षा मी काय देणार?

"उठा," मी म्हटलं. "खांबावर हाय ते झालं, आसं कोण म्हणालं व्हतं?"

"मीच."

"मग कितवी मॅच?"

"पन्नासावी," उद्धवराव म्हणाले, आणि जयदीपकडं बघून ओरडले, "लिही की! बगतोस काय?"

खंडेनवमीला पन्नासावी मॅच झाली. छबूबाईला मी बीडहून बोलावून घेतलं. तिनं पदर पसरून पहिला बॉल अडवला आणि सगळं मैदान हसलं. मॅचनंतर दिव्यानं उजव्या खांबावर यंदाचं साल उठवलं, मग डाव्या खांबाकडं आली आणि बापाच्या त्या काळपट रेघांवरून होल्डर फिरवत गेली. अर्थिंगचा चिमटा खांबाला धरून उद्धवराव उभे होते, त्यांना मीच सांगितलं होतं धरायला.

खांब निवला. मी कुंकवाचं ताट घेतलं आणि तिथंच थांबले, कारण मला एकदम आठवलं. पंच्याण्णवपासून दर खंडेनवमीला हे नव्या आकड्याला कुंकू लावायचे, आणि मग पुन्हा एक बोट त्या मोकळ्या जागेवर टेकवायचे. उजवा खांब सुरू झाल्यावरसुद्धा चालत डाव्या खांबाशी यायचे आणि तिथं लावायचे. आणि मी दर वर्षी चारचौघांत ओरडायचे, "अहो, आंधळे झालात का? आकडा तिकडं हाय!" हे नुसते हसायचे आणि हात पुसायचे.

मी चौऱ्याण्णवला कुंकू लावलं. "अहो," मी म्हटलं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं, "आंधळी मीच व्हते."