कापायचं बटण

रोशेल पेटवेचं ज्या गवतामुळे नाव झालं, ते गवत मिस्टर टॉलिव्हर यांनी एक उन्हाळाभर कापलं नव्हतं. आता गवत न कापण्यात कसलं आलंय कर्तृत्व, असं कुणालाही वाटेल. पण डेट्रॉइटच्या पूर्वेकडच्या त्या लाँगरिज गल्लीत कुणाला तसं वाटत नाही. तिथे एखादं घर रिकामं पडलं की शेजारी त्याच्या अंगणातलं गवत कापतात, खिडक्यांना पडदे लावतात, दारात स्वतःची गाडी उभी करतात. आत कुणीतरी राहतंय असं दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर आधी तांब्याचे पाइप चोरणारे येतात, मग एके रात्री घर पेटतं. गल्लीने ते बावीस वेळा पाहिलं होतं.

मिस व्हर्लीन ओक्स यांना अर्धांगाचा झटका आला आणि मुलीने त्यांना अटलांटाला नेलं, तेव्हा गाडीत बसता बसता त्यांनी समोरच्या अल्विन टॉलिव्हरना एवढंच सांगितलं होतं, "मी परत येणारे. बघा जरा." ते बघत होते. सात वर्षं, दर शनिवारी, आधी त्यांचं अंगण आणि मग स्वतःचं.

रोशेल त्याच गल्लीतली. आता टोरंटोत पाच-सहा जणांच्या एका छोट्या कंपनीत व्हिडिओ गेम बनवायची. ओसाड पडलेल्या शहरावर झाडंझुडपं हळूहळू चढत जातात, एवढाच तिचा खेळ. नावही तसंच, 'हळूहळू हिरवं'. त्यात गुण नाहीत, घड्याळ नाही, कुणी मरत नाही. बटण दाबून धरलं की वेल भिंतीवर चढते, खिडकीतून आत शिरते, आणि मागे कुणीतरी हळुवार पियानो वाजवत असतं. लोक म्हणतात, डोकं शांत होतं. होतही असेल.

पण गवत खरं दिसायला हवं होतं. म्हणून दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ती गल्लीत आली आणि टॉलिव्हरांच्या पोर्चच्या कठड्यावर एक कॅमेरा बसवून गेली. तो समोरच्या ओक्सबाईंच्या घराचा दर तासाला एक फोटो काढायचा आणि संध्याकाळी सगळे टोरंटोला पाठवायचा. जाताना ती म्हणाली, "एवढा एक उन्हाळा कापू नका ना. माझ्यासाठी." शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला तिची घेवड्याची रोपं मांडीवर धरून नेणारा माणूस तो. त्यांना तिचा शब्द मोडवेना. जुलैत त्यांनी फोन केला, "पोरी, गवत कमरेला लागलं. आता कापू का?" तर ही म्हणाली, "अजून एक महिना. आत्ता कुठे फुलं यायला लागलीत." ऑक्टोबरात ते घर जळालं आणि थंडीत पालिकेने उरलंसुरलं पाडून टाकलं.

त्यानंतर रोशेल गल्लीत फिरकली नाही. खेळाला बक्षीस मिळालं, वर्तमानपत्रात फोटो आला, आणि गल्लीच्या मंडळाने तिला मे महिन्यातल्या शनिवारच्या जेवणाला बोलावलं तेव्हा मात्र नाही म्हणता येईना. येताना तिने माफीची चार वाक्यं पाठ करून आणली होती. गल्लीत सगळ्यांना कळलेलं असणार, कुणीतरी तोंडावर बोलणार, मग आपण ती वाक्यं म्हणायची, असा तिचा हिशेब होता.

चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये कुणीच काही बोललं नाही. उलट दारातच तिचा हा एवढा मोठा फोटो लावला होता. मंडळाच्या अध्यक्ष क्लॉडीन बॅटल यांनी तिला छातीशी धरलं, ताटात तळलेली कोंबडी, कोलार्डची भाजी आणि तिला नको असताना दोनदा मॅकरोनी वाढली. पुढच्या रांगेत काठी धरून मिस व्हर्लीन बसल्या होत्या. वर्षभरापूर्वी त्या खरंच परत आल्या होत्या, पण घर नव्हतं, म्हणून म्हाताऱ्यांसाठीच्या इमारतीत एका खोलीत राहत होत्या. मिस्टर टॉलिव्हर पार शेवटच्या रांगेत, दाराजवळ.

"ते इतके मागे का बसलेत?" रोशेलने विचारलं.

"तिथेच बसतात हल्ली. व्हर्लीन त्यांच्याशी बोलत नाही ना," क्लॉडीन म्हणाल्या. "बोलेल कशाला? घर गेलं बाईचं. ह्यांनी गवत कापणं सोडलं, म्हणून गेलं. गुडघा दुखत होता म्हणे. अगं, मग सांगायचं होतं कुणाला तरी. मी कापलं असतं, ह्या वयात. गुडघा म्हणे."

रोशेलने ताट बाजूला ठेवलं. म्हणजे त्यांनी सांगितलंच नव्हतं. तिच्या करणीवर आपल्या गुडघ्याचं पांघरूण घालून हा माणूस दीड वर्ष गप्प बसला होता. पाठ केलेली चार वाक्यं तिला इतकी पोरकट वाटली की स्वतःचीच किळस आली. आणि एवढ्यावर भागत नव्हतं. गवताचं तरी टॉलिव्हरना माहीत होतं. त्यांनाही माहीत नव्हतं असं काहीतरी तिच्यापाशी होतं.

त्या ऑगस्टमध्ये ते आठवडाभर ओहायोला बहिणीकडे गेले होते. जाण्याआधी फोन करून म्हणाले होते, "मी नाहीये, पण तुझा कॅमेरा आहेच. लक्ष ठेव हं, पोरी." नऊ तारखेच्या फोटोंत तिला दोन माणसं दिसली. सकाळी अकराच्या फोटोत तांब्याच्या पाइपांची मोळी, बाराच्या फोटोत पोर्चवरचा झोपाळा दोघांच्या मध्ये, एकच्या फोटोत उघडं दार. तिच्या खेळात माणसं नसतात. तीन फोटो मालिकेत खुपत होते. तिने ते पुसले आणि कामाला लागली. टॉलिव्हर परत आले, झोपाळा नाही हे बघून घाबरले, त्यांनी विचारलं, "तुझ्या कॅमेऱ्यात काही दिसलं का?" आणि ती म्हणाली, "नाही हो, काहीच नाही." आता कबूल करावं तर चोरीचं, बेफिकिरीचं सगळंच अंगावर येणार, म्हणून म्हणाली. दार ओढून घेतलेलं होतं, म्हणून चोर आत शिरलेत हे टॉलिव्हरना कळलं नाही; कळलं असतं तर फळ्या ठोकून दार बंद करायला तेव्हा वेळ होता. पुढे दोन महिने, आग लागेपर्यंत, गवताआडून कोणीही त्या घरात येत-जात राहिलं.

जेवणं झाली. पडद्यावर खेळ लागला. मुलांनी थोडा खेळून पाहिला, मग क्लॉडीन मागे वळल्या. "मिस्टर टॉलिव्हर, या की. बसल्या बसल्या खेळायचंय, गुडघा लागत नाही ह्याला."

लोक हसले. टॉलिव्हरही हसल्यासारखं करून पुढे आले. रोशेलकडे त्यांनी ओझरतं पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली, जणू तिलाच अवघडायला नको. त्यांनी हातात कंट्रोलर घेतला. आणि पडद्यावर नेमकं ते घर आलं. निळा छज्जा, तीन पायऱ्या, पोर्चवर झोपाळा. मिस व्हर्लीन काठीवर पुढे झुकल्या. आपलं घर ह्या खेळात आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

टॉलिव्हरांनी बटण दाबलं, गवत वर आलं. दुसरं दाबलं, वेलीने झोपाळ्याला वेढा घातला. ते गडबडले. तिसरं, चौथं, सगळी बटणं दाबून झाली. गवत पायऱ्या गिळत चाललं, पियानो वाजत राहिला.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "कापायचं बटण कुठलं?"

"नाहीये," रोशेल म्हणाली. "कापायचं बटण नाहीये ह्यात."

"असतं तरी काय उपयोग होता?" क्लॉडीन म्हणाल्या, आणि पुन्हा हशा झाला. फक्त मिस व्हर्लीन हसल्या नाहीत. टॉलिव्हर कंट्रोलरकडे बघत उभे राहिले, भर वर्गात उभं केलेल्या मुलासारखे. रोशेलला ते बघवेना.

"त्यांचा गुडघा दुखत नव्हता," ती उठून म्हणाली. आवाज चिरका निघाला. "कापू नका असं मी सांगितलं होतं. ह्या खेळासाठी. जुलैत त्यांनी विचारलं, तेव्हाही मी नाही म्हटलं."

"बस कर, पोरी," टॉलिव्हर म्हणाले. "झालं ते झालं."

"नाही झालं. चोर मला दिसले होते, मिस्टर टॉलिव्हर. तुम्ही ओहायोला होतात तेव्हा. कॅमेऱ्यात आले होते. मी ते फोटो पुसले, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. मला लाज वाटत होती. आत्ताही वाटतेय."

टॉलिव्हरांनी कंट्रोलर टेबलावर ठेवला, अगदी जपून, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा. "गवताचं मला माहीत होतं," ते म्हणाले. "ते मी घेतलं होतं माझ्या अंगावर. हे माहीत नव्हतं." त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर तिला सोसला असता. ते नुसते थकलेले दिसले.

मिस व्हर्लीन बोलल्या ते पडद्याकडे बघतच. "झोपाळा?"

"नेला त्यांनी. दोघांनी उचलून."

"जळाला नाही, मग."

"नाही."

"नेतानाचा फोटो आहे?"

"नाही. मी पुसला, मिस व्हर्लीन."

त्यांनी मान हलवली. मग परत आल्यापासून पहिल्यांदा त्या टॉलिव्हरांकडे वळल्या. "गुडघा कसा आहे?"

"बरा आहे."

"मला वाटलंच होतं. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, अल्विन. तरी मी उगाच त्या गुडघ्यावर विश्वास ठेवला." त्यांनी हात पुढे केला. "चला. शनिवार आहे ना आज? कापायचं असेल तुम्हाला."

दोघं सावकाश जिना चढून गेले. क्लॉडीन भांडी आवरायला लागल्या. त्यांनी रोशेलला काही म्हटलं नाही, पण डब्यात भरून ठेवलेला तिच्यासाठीचा पीचचा गोड कॉबलर दुसऱ्याच कुणाच्या हातात दिला. पडद्यावर कुणी खेळत नसतानाही गवत वाढतच होतं. रोशेलने वायर काढली आणि ती त्या दोघांच्या मागे गेली.

घराच्या जागी आता मोकळं अंगण होतं. घर गेल्यावरही टॉलिव्हर ते दर शनिवारी कापत होते, कडा अजून सरळ राखलेल्या. फुटपाथवर घडीच्या खुर्चीत मिस व्हर्लीन बसल्या होत्या. टॉलिव्हर गवत कापायच्या यंत्रात पेट्रोल ओतत होते.

"मी कापते," रोशेल म्हणाली. "द्या मला. आज मी कापते. दर शनिवारी येईन, हवं तर."

"नाही," ते म्हणाले.

"मला काहीतरी करू द्या, मिस्टर टॉलिव्हर. पाया पडते तुमच्या."

"हे माझं काम आहे, पोरी. तुझं नाही." त्यांनी समोरच्या आपल्या पोर्चकडे बोट दाखवलं. कठड्यावर कॅमेऱ्याच्या स्क्रूची दोन भोकं अजून होती. "त्या उन्हाळ्यात मी तिथे नुसता बघत बसायचो. हात पाय धड असून. जा, तिथे बस."

ती जाऊन बसली. टॉलिव्हरांनी दोरी ओढली, यंत्र सुरू झालं. त्यांनी आधी कडेने एक फेरी मारली, मग एकेक पट्टा, वळण घेताना मिस व्हर्लीनकडे बघून मान हलवत. त्या बोट दाखवून राहिलेलं गवत सांगत होत्या. कापून झाल्यावर त्यांनी फुटपाथ झाडला, यंत्र पुसून गॅरेजमध्ये ठेवलं आणि मिस व्हर्लीनना गाडीत बसवलं. गाडी गल्लीच्या टोकाला वळली. रोशेलला कुणी ऊठ म्हटलं नव्हतं, म्हणून ती तशीच बसून राहिली.